मीठ पाण्यात गेल्यावर काय होते?

भौतिक रसायनशास्त्र शिकू लागलेल्या महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आरंभीच एक वाक्य पाठ करावे लागते. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याच्या रेणूचे विभाजन होऊन सोडियमचा धनभारित आयन आणि क्लोरीनचा ऋणभारित आयन असे दोन तुकडे पडतात, हे ते वाक्य. विद्यार्थी ते परीक्षेत लिहितो, त्याला गुण मिळतात, आणि पुढे तो ते विसरून जातो. या एका वाक्यापायी एका तरुणाचे सारे आयुष्य फुकट जाण्याची वेळ आली होती, हे त्याला कोणी सांगत नाही. ज्यांनी त्याला विरोध केला ते काही अडाणी नव्हते, हेही कोणी सांगत नाही. आणि सर्वांत मौजेची गोष्ट अशी की, ते वाक्य जसे पाठ केले जाते तसे खरेही नाही. आज आम्ही ही जरा गुंतागुंतीची हकिकत सांगणार आहो. तिच्यात गणित फार नाही. जे आहे ते घरातल्या हिशेबाइतकेच आहे.

प्रारंभ स्वयंपाकघरापासूनच करू. उन्हाळ्यात हाताने फिरवायच्या भांड्यात आइस्क्रीम करताना बर्फात जाडे मीठ टाकतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मीठ टाकले की बर्फ वितळू लागतो आणि तरीही अधिक थंड होतो. योग्य प्रमाण साधले तर हे मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकते. पाण्यात कोणताही पदार्थ विरघळला की त्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्याचाच हा प्रताप. मीठच का, साखर का नको? साखर महाग म्हणून, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे, पण तेवढेच खरे नाही. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली, तर ते पाणी शून्याऐवजी उणे १.८६ अंशावर गोठते. ३४२ ग्रॅम साखरेत जितके रेणू असतात तितकेच ‘रेणू’ ५८.५ ग्रॅम मिठात असावयास हवेत. गोठणबिंदू किती उतरावा हे पदार्थाच्या गुणावर नव्हे तर त्याच्या कणांच्या संख्येवर अवलंबून असते, असे फ्रान्समध्ये राउल्ट याने १८८२ पासून मोजमापे करून दाखविले होते. त्या नियमाने ५८.५ ग्रॅम मिठानेही १.८६ अंशच उतार पडावयास हवा. प्रत्यक्षात पडतो सुमारे ३.४ अंशांचा. जवळजवळ दुप्पट! जणू काही मिठाचे कण मोजताना कोणी एकाचे दोन केले आहेत.

हा ३.४ चा आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. शेवटी आपल्याला पुन्हा त्याच्याकडेच यावयाचे आहे.

आता स्वीडनमध्ये जाऊ. स्वांते अऱ्हेनियस हा १८५९ साली उप्सालाजवळ जन्मला. बाप विद्यापीठाच्या इस्टेटीवरचा मोजणीदार. मुलगा हुशार, पण उप्साला विद्यापीठातील प्राध्यापकांशी त्याचे सूत जमले नाही. पदार्थविज्ञानाला टालेन होते, रसायनाला क्लेव्ह होते. दोघेही नामवंत, दोघेही आपापल्या कामात गढलेले. तेव्हा १८८१ साली तो स्टॉकहोमला एडलुंड या पदार्थवैज्ञानिकाकडे गेला आणि मिठासारख्या पदार्थांच्या द्रावणांतून वीज कशी वाहते, याची मोजमापे करीत बसला.

द्रावणांतून वीज वाहते आणि वाहताना पदार्थाचे घटक दोन्ही अग्रांशी जमा होतात, हे नवीन नव्हते. फॅरडेने १८३४ साली त्याचे नियम बांधले होते आणि ‘आयन’ हा शब्दही त्याच वेळचा. तो ग्रीकवरून घेतलेला असून ‘जाणारा’ असा त्याचा अर्थ होतो. मात्र रेणू फोडण्याचे काम वीजच करते, अशी सर्वसाधारण समजूत होती. तिला पहिला धक्का क्लाउसियुसने १८५७ साली दिला. त्याचे म्हणणे असे: रेणू फोडावयास वीज लागत असेल, तर अगदी क्षीण विजेने काहीच घडू नये, आणि पुरेसा जोर झाला की एकदम प्रवाह सुरू व्हावा. तसे होत नाही. थोडी वीज लावली तर थोडा, पण प्रवाह वाहतोच. तेव्हा काही रेणू आधीपासूनच फुटलेले असले पाहिजेत. किती? क्लाउसियुस सावध मनुष्य. अगदी थोडे, एवढेच तो म्हणाला.

अऱ्हेनियसला जी गोष्ट जाणवली ती विरलतेची. द्रावणात पाणी वाढवीत गेले तर पदार्थाच्या तेवढ्याच भागाची वीज वाहून नेण्याची शक्ती वाढत जाते. म्हणजे रेणूंचा काही भाग ‘सक्रिय’ आणि काही ‘निष्क्रिय’ असला पाहिजे, आणि पाणी वाढेल तसतसे निष्क्रिय रेणू सक्रिय होत असले पाहिजेत. ही कल्पना १७ मे १८८३ च्या रात्री सुचली आणि तिचा सर्व उलगडा होईपर्यंत आपल्याला झोप लागली नाही, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. त्याने आणखी एक धाडसाची उडी मारली: जे रेणू वीज वाहतात तेच रासायनिक क्रियेत भाग घेतात. ज्या आम्लाचे द्रावण वीज चांगली वाहते ते आम्ल तीव्र, जे कमी वाहते ते सौम्य.

ही कल्पना घेऊन तो क्लेव्ह यांच्याकडे गेला, तेव्हा ते ‘छान आहे’ अशा अर्थाचे काही बोलले आणि त्यांनी त्याला निरोप दिला. हीही आठवण अऱ्हेनियसचीच आहे, आणि यशस्वी माणसाच्या जुन्या अपमानाच्या आठवणी थोड्या सावधपणेच घ्याव्यात. पण पुढचा भाग कागदोपत्री आहे. १८८४ साली, म्हणजे आपल्याकडे पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली त्याच साली, त्याने फ्रेंच भाषेत दीडशे पानांचा प्रबंध उप्सालाला सादर केला. परीक्षकांनी प्रबंधाला चौथा वर्ग दिला. शेरा लॅटिनमध्ये, अर्थ असा की, ‘स्तुतीवाचून नव्हे, पण मान्य’. प्रबंधाच्या समर्थनार्थ त्याने केलेल्या वादाला एक वर्ग वरचा मिळाला. वरवर पाहता पदवी मिळाली; परंतु त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा वर्गावर विद्यापीठात शिकविण्याची जागा मिळणे कठीण होते. पंचविशीच्या तरुणापुढे दार लावून घेतल्यासारखेच ते झाले.

अऱ्हेनियस रडत बसला नाही. त्याने प्रबंधाच्या प्रती परदेशातील विद्वानांना पाठविल्या. त्यांतली एक रीगा येथे विल्हेल्म ओस्टवाल्डकडे पोचली. ओस्टवाल्ड तेव्हा तिशीतला. त्याच दिवशी आपली दाढ दुखू लागली, घरात कन्यारत्न जन्मले आणि हा प्रबंध हाती पडला, आणि या तिहींत प्रबंधानेच अधिक त्रास दिला, असे त्याने मोठ्या गमतीने लिहून ठेवले आहे. त्रास का? तर ओस्टवाल्ड स्वतः आम्लांची तीव्रता मोजीत होता. कोणते आम्ल एखादी क्रिया किती वेगाने घडविते, यावरून. अऱ्हेनियसचे म्हणणे खरे असेल तर त्याच आम्लांची विद्युत्-वाहकता मोजली असता आकडे त्याच क्रमाने यावयास हवेत. त्याने मोजले. आकडे जुळले. वीज आणि क्रियेचा वेग, एकमेकांशी काही संबंध नसावा अशा दोन वाटा एकाच गावी पोचल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ओस्टवाल्ड उप्सालाला दाखल झाला आणि त्याने अऱ्हेनियसला रीगामध्ये जागा देऊ केली. बाहेरचा प्राध्यापक आपला चौथ्या वर्गाचा विद्यार्थी पळवू पाहतो हे पाहिल्यावर उप्सालालाही त्याला जागा द्यावी असे वाटू लागले. असे प्रकार इकडेही घडतात, म्हणून अधिक सांगत नाही.

या भेटीत ओस्टवाल्ड आणि क्लेव्ह यांचे जे बोलणे झाले त्याची आठवणही ओस्टवाल्डने नमूद केली आहे. समोरच्या पेल्यातील द्रावणात सोडियमचे अणू पोहत आहेत, असे तुम्ही खरोखर मानता काय, असा क्लेव्ह यांचा प्रश्न होता. यात काही तथ्य असावे असे ओस्टवाल्ड म्हणाला, तेव्हा क्लेव्ह यांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीत त्याच्या रसायनज्ञानाविषयी शंका स्पष्ट दिसत होती.

येथे आम्हाला क्लेव्ह यांची बाजू घ्यावीशी वाटते. अशा गोष्टी सांगताना परीक्षकाला मूर्ख आणि तरुणाला हुतात्मा ठरविण्याची पद्धत आहे. ती सोयीची आहे, न्यायाची नाही. क्लेव्ह यांनी १८७९ साली होल्मियम आणि थुलियम ही दोन मूलद्रव्ये शोधून काढली होती. एकमेकांपासून ओळखूही येऊ नयेत अशी द्रव्ये सोशिकपणे वेगळी करण्याचे ते काम. अशा माणसाचे ज्ञान त्याच्या हातात असते. त्या हाताला ठाऊक होते की, सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर तो तडतडत पळतो आणि पेट घेतो. क्लोरीन हा हिरवट, विषारी वायू आहे. मिठाच्या पाण्यात ना आग, ना वास. मग ते दोघे तेथे मोकळे हिंडत आहेत असे कसे म्हणावे? आणि याहून अवघड प्रश्न दुसराच होता. मीठ हा फार घट्ट पदार्थ आहे. ते वितळावयास ८०१ अंश उष्णता लागते. इतकी पक्की गाठ साध्या पाण्याने, उष्णता न देता, कोण सोडविते?

पहिल्या प्रश्नाला उत्तर होते: विद्युद्भार असलेला सोडियम म्हणजे सोडियम धातू नव्हे, भारामुळे त्याचे गुण सर्वस्वी बदलतात. का बदलतात ते मात्र सांगता येत नव्हते, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागावयास १८९७ साल उजाडावे लागले. दुसऱ्या प्रश्नाला तर १८८४ साली उत्तरच नव्हते. सिद्धान्त खरा असूनही त्याच्यावरील आक्षेप बिनतोड असू शकतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत फारशी आढळत नाही.

आक्षेप जागच्या जागी ठेवून सिद्धान्त पुढे सरकला तो मोजमापांच्या बळावर. आम्स्टरडॅममध्ये व्हान्ट हॉफ हा रसायनशास्त्रज्ञ होता. वनस्पतिशास्त्रज्ञ द व्ह्रीस याच्याकडून त्याला फेफर याच्या प्रयोगांची माहिती मिळाली. साखरेचे पाणी आणि साधे पाणी यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारा पण साखर अडविणारा पडदा ठेवला, तर साखरेच्या बाजूला केवढा दाब उत्पन्न होतो, हे फेफरने १८७७ साली मोजून प्रसिद्ध केले होते. व्हान्ट हॉफच्या ध्यानात आले की, या दाबाचा हिशेब हुबेहूब वायूच्या दाबासारखा लागतो. साखर पाण्यात अशी वागते की जणू पाणी नाहीच आणि तिचे रेणू वायूसारखे पसरलेले आहेत. सुंदर नियम, पण मिठापाशी, आम्लांपाशी, अल्कलींपाशी तो अडला. तेथे दाब हिशेबापेक्षा जास्त येई. व्हान्ट हॉफने प्रामाणिकपणे एक गुणक घातला आणि कारण माहीत नाही असे समजून तो पुढे गेला.

हा निबंध वाचताच अऱ्हेनियसला आपले हरवलेले अर्धे सापडले. मिठाचा रेणू दोन कणांत फुटत असेल तर कण जवळजवळ दुप्पट, म्हणून दाब दुप्पट, म्हणून गोठणबिंदूतील उतारही दुप्पट. मग त्याने कसोटी लावली. वाहकतेवरून किती रेणू फुटले असावेत ते काढावयाचे. गोठणबिंदूवरून कण किती झाले ते वेगळे काढावयाचे. आणि दोन उत्तरे शेजारी मांडावयाची. पदार्थामागून पदार्थ मांडला आणि बहुतेक ठिकाणी उत्तरे जुळली. १८८४ साली जो ‘सक्रिय रेणू’ असे जपून म्हणत होता, तो १८८७ साली ‘सुटे आयन’ असे उघड म्हणू लागला. त्याच वर्षी ओस्टवाल्ड लाइपझिगला प्राध्यापक झाला, त्याने व्हान्ट हॉफसह भौतिक रसायनशास्त्राला वाहिलेले नियतकालिक काढले, आणि हा निबंध त्याच्या पहिल्याच खंडात आला. आज महाविद्यालयात जो विषय म्हणून शिकवितात तो स्वतंत्र विषय म्हणून येथून उभा राहिला.

एक जुने कोडेही जाता जाता सुटले. कोणतेही तीव्र आम्ल आणि कोणतीही तीव्र अल्कली विरल द्रावणात सममूल्य प्रमाणात मिसळली, तर दर वेळी जवळजवळ तेवढीच, सुमारे १३,७०० कॅलरी उष्णता निघते. पदार्थ निरनिराळे, उष्णता एक, हे कसे? आयनांच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर सोपे आहे. बाकीचे आयन आधीही मोकळे होते, नंतरही मोकळेच राहतात. घडते ते एवढेच की, हायड्रोजनचा आयन आणि हायड्रॉक्सिलचा आयन मिळून पाणी होते. दर वेळी क्रिया तीच, म्हणून उष्णताही तीच.

विरोध म्हणून थांबला नाही. इंग्लंडात आर्मस्ट्राँग यांनी या मंडळींची यथेच्छ टवाळी केली. रशियात मेंडेलेयेव्हही विरुद्ध होते. १८९० साली लीड्स येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात व्हान्ट हॉफ आणि ओस्टवाल्ड स्वतः जाऊन वाद घालून आले. तरुणांची एक पिढी मात्र लाइपझिगकडे ओढली जात होती. १९०१ सालचे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक व्हान्ट हॉफला, १९०३ चे अऱ्हेनियसला, १९०९ चे ओस्टवाल्डला मिळाले. १९०३ साली नोबेलच्या रसायन समितीत क्लेव्ह होते, आणि त्यांनी आपल्या चौथ्या वर्गाच्या विद्यार्थ्याचा मोठेपणा मान्य केला. आम्हाला हे त्यांच्या दोन मूलद्रव्यांइतकेच मोलाचे वाटते.

आयनांचा हा सेनापती ओस्टवाल्ड स्वतः अणू मानीत नव्हता, हे सांगितले तर श्रोत्यांना खरे वाटणार नाही. आयन हे त्याच्या लेखी हिशेबाचे साधन होते. पदार्थ खरोखरच कणांचा बनलेला आहे हे त्याने १९०९ च्या सुमारास, नवे प्रयोग पुढे आल्यावर कबूल केले. माणसे आपल्या सिद्धान्तांहून अधिक विसंगत असतात.

आता हकिकतीचा उत्तरार्ध. पाठ्यपुस्तके तो आटोपशीर करतात. खरा रस येथेच आहे. ओस्टवाल्डने १८८८ साली विरलता आणि विभाजन यांची सांगड घालणारा नियम मांडला. व्हिनेगरातील ॲसेटिक आम्लाला तो चोख लागू पडला. मिठाला लागू पडेना. हायड्रोक्लोरिक आम्लाला लागू पडेना. ज्या तीव्र पदार्थांवरून सारी चर्चा सुरू झाली, त्यांच्याच बाबतीत नियम खोटा ठरत होता. तीस वर्षे या अडचणीभोवती फिरणे चालले होते.

तिला भिडलेल्यांत आपल्या देशातला एक तरुण होता, याचा आम्हाला अभिमान वाटतो. कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र राय यांचे विद्यार्थी ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहून असे मांडले की, मिठासारखे पदार्थ द्रावणात थोडेफार नव्हे, संपूर्णच विभाजित असतात. आणि आयन जे कमी काम करतात ते परस्परांच्या आकर्षणामुळे. त्यांचा गणिताचा मार्ग टिकला नाही. द्रावणातही आयन स्फटिकातल्यासारखे ठराविक जागी असतात असे त्यांनी धरले होते, ते बरोबर नव्हते. १९२३ साली डिबाय आणि ह्युकेल यांनी, प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचे विरळ वलय जमते असे धरून बरोबर गणित केले. पण संपूर्ण विभाजन ही मूळ गोष्ट घोष यांनी नीट हेरली होती. पुढे ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले, आणि खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचेही पहिले संचालक तेच.

घोष यांना हा धीर कोठून आला? स्फटिकांवरून. १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या खड्याच्या आत डोकावून पाहिले. तेथे त्यांना सोडियम-क्लोरीन अशी जोडपी आढळलीच नाहीत. बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणे, एक सोडियम, एक क्लोरीन, एक सोडियम, अशी मांडणी तिन्ही दिशांना पसरलेली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. कोणता कोणाचा, हे सांगताच येऊ नये. मिठाचा रेणू म्हणून काही त्या खड्यात नव्हताच.

क्लेव्ह यांच्या अवघड प्रश्नाचे उत्तर हे आहे. पाणी रेणू फोडीत नाही, कारण फोडावयास रेणूच नाही. मीठ डब्यात कोरडे असतानाही आयनांचेच असते. पाणी त्यांना एकमेकांपासून दूर नेते, एवढेच. तेही काही फुकट होत नाही. पाण्यात विद्युदाकर्षण हवेतल्यापेक्षा सुमारे ऐंशीपटीने दुबळे होते. शिवाय पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असल्यामुळे ते रेणू प्रत्येक आयनाला चोहोकडून वेढा घालतात, आणि त्या वेढ्यातून मिळणारी शक्ती खडा मोडण्याच्या कामी येते. ८०१ अंशांच्या उष्णतेने जे व्हावयाचे ते तांब्याभर गार पाण्यात होते, ते असे.

आर्मस्ट्राँग यांना हे कधीच पटले नाही. १९२७ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी ‘नेचर’मध्ये पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची बाजू मांडली, बुद्धिबळाच्या पटाची ही कल्पना त्यांना व्यवहारज्ञानाला सोडून वाटत होती. ते पत्र ऑक्टोबरमध्ये छापून आले. त्याच महिन्याच्या २ तारखेला स्टॉकहोममध्ये अऱ्हेनियस वारला.

राहिला तो ३.४ चा आकडा. मीठ संपूर्ण सुटे होत असेल तर उतार १.८६ च्या बरोबर दुप्पट, म्हणजे ३.७२ अंश यावयास हवा. तीन दशांश कोठे गेले? अऱ्हेनियस म्हणाला असता की, काही रेणू न फुटता राहिले. आज आपण म्हणतो की आयन सगळेच सुटे आहेत, पण इतक्या दाटीत ते एकमेकांना ओढून धरतात आणि म्हणून संख्येइतका प्रभाव दाखवीत नाहीत. पाणी वाढवीत जावे तशी ही ओढ कमी होत जाते, आणि द्रावण पुरेसे विरल केले की, मिठाच्या वाट्याला येणारा उतार साखरेच्या दुपटीला जाऊन भिडतो.